'द ऑक्स-बो इन्सिडेंट' (१९४३): पंचाहत्तर मिनिटं, एक झाड आणि तीन दोर

रिळवाला

आधीच सांगतो, शेवटासकट सगळं उघड करणार आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी सव्वा तास काढून पाहून यावं. धागा कुठे पळून जात नाही.

दिग्दर्शक विल्यम वेलमन, पटकथा आणि निर्मिती लामार ट्रॉटी, कॅमेरा आर्थर मिलर, कंपनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स. मूळ कादंबरी वॉल्टर व्हॅन टिलबर्ग क्लार्कची, १९४० सालची. चित्रीकरण १९४२ मध्ये, प्रदर्शन १९४३ मध्ये. ब्रिटनमध्ये तो 'स्ट्रेंज इन्सिडेंट' या नावाने लागला. जुन्या ब्रिटिश यादीत शोधूनही सापडत नसेल तर कारण हे.

कथा थोडक्यात. नेवाडा, १८८५. ब्रिजर्स वेल्स नावाचं मरगळलेलं गाव. गिल कार्टर (हेन्री फोंडा) आणि आर्ट क्रॉफ्ट (हॅरी मॉर्गन, तेव्हा श्रेयनामावलीत 'हेन्री मॉर्गन') गुत्त्यात येतात. गुरांच्या चोऱ्यांनी गाव आधीच बिथरलेलं, त्यात बातमी येते की लॅरी किनकेड या रँचवाल्याला गोळी घातली आणि त्याची गुरं पळवली. शेरीफ गावात नाही. डेप्युटी मेप्स जमलेल्यांना शपथ देतो, मेजर टेटली पुढारीपण घेतो आणि जमाव निघतो. रात्री ऑक्स-बो खोऱ्यात तीन माणसं झोपलेली सापडतात: मार्टिन (डेना अँड्र्यूज), एक मेक्सिकन (अँथनी क्विन) आणि एक भ्रमिष्ट म्हातारा (फ्रान्सिस फोर्ड, म्हणजे जॉन फोर्डचा थोरला भाऊ). पहाटे तिघांना लटकवतात. परतीच्या वाटेवर शेरीफ भेटतो: किनकेड जिवंत आहे आणि त्याला गोळी घालणारे पकडले गेले आहेत.

मला चर्चा हवी आहे ती 'झुंडशाही वाईट' यावर नाही. ते सगळ्यांना मान्यच आहे. हा जमाव अंगात आल्यासारखा धावत नाही. तो शपथ घेतो, उलटतपासणी करतो, मतदान घेतो, शेवटचं पत्र लिहायला कागद देतो, पहाटेपर्यंत मुदतही देतो. कोर्टाचा सगळा सांगाडा उभा आहे. तरी तीन निरपराध मेले. मग नेमकी कुठली पायरी निसटली? आणि ती आपल्याला इतकी लख्ख दिसते, यात कमी खर्चाच्या स्टुडिओ-चित्रीकरणाचा हात किती? जाणकारांनी लिहावं.

हटवादी

सुरुवातच चुकीची. हा 'लो-बजेट' कसा? फॉक्ससारखी मोठी कंपनी, फोंडासारखा नट. बी-पिक्चर म्हणजे रिपब्लिक किंवा मोनोग्राम या छोट्या कंपन्यांचे आठवडाभरात उरकलेले पट.

रिळवाला

@हटवादी, बी-पिक्चर मी म्हटलंच नाही. पण मोठ्या कंपनीचा हात आखडून केलेला चित्रपट आहे, हे पडद्यावरच दिसतं. कंपनीचा निर्मितीप्रमुख डॅरिल झॅनक, त्याला हा विषय चालेल याची खात्री नव्हती. वेलमनने कंपनीसाठी आणखी चित्रपट करून द्यायचे या बोलीवर वेलमनला परवानगी मिळाली. लांबी पंचाहत्तर मिनिटं. त्या काळातल्या मोठ्या वेस्टर्नमध्ये असते ती मोकळ्या मैदानातली घोडदौड इथे नावापुरती. सगळ्यात लांब प्रसंग स्टुडिओत उभारलेल्या खोऱ्यात, रंगवलेल्या पडद्यासमोर. झॅनकचा अंदाज खराही ठरला, धंदा झाला नाही. ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालं, तेही तेवढं एकच, आणि पुरस्कार 'कासाब्लांका'ला गेला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत मात्र नाव लागलं.

वकील_अण्णा

पायऱ्यांबद्दल विचारलंय म्हणून क्रमाने बघू.

मेप्सने शपथ देऊन उभी केलेली अशी टोळी म्हणजे 'पोसी'. हा शब्द लॅटिन 'पोसी कोमिटाटस'वरून आला, अर्थ 'परगण्याचं बळ'. आरोपीला पकडायला शेरीफ परगण्यातल्या धडधाकट माणसांना मदतीला बोलावू शकतो, हा इंग्लंडमधून आलेला जुना अधिकार. १८७८ च्या कायद्याने या कामाला अमेरिकेचं लष्कर जुंपायला मनाई झाली. म्हणजे १८८५ साली अशा आडगावातल्या शेरीफपाशी गावकरीच उरतात. तेव्हा पोसी निघणं यात गैर काही नाही.

गैर इथे आहे: डेप्युटीचा अधिकार उसना असतो, शेरीफने दिलेला. तो पुढे दुसऱ्याला उसना देता येत नाही. मेप्स हात वर करायला लावून सगळ्यांना एकदम डेप्युटी करतो, तेव्हा दुकानदार डेव्हिस (हॅरी डॅव्हेनपोर्ट) हरकत घेतो. न्यायाधीश टायलरही तेच सांगतो. पण टायलर नुसता सांगतो. वॉरंट काढत नाही, नावं लिहून घेत नाही, स्वतः सोबत जात नाही. दारात उभा राहून 'जिवंत धरून आणा' म्हणतो आणि मागे राहतो. अधिकार असलेला माणूस तिथे हजर होता आणि त्याने कागदावर एक अक्षर उमटवलं नाही, ही माझ्या मते पहिली निसटलेली पायरी. मेप्सची शपथ ही दुसरी.

तिसरी सगळ्यात मोठी. खून झाला आहे हेच सिद्ध नाही. बातमी एका घोडेस्वाराने आणली. प्रेत कुणी आणलेलं नाही आणि जमावातला एकही माणूस किनकेडच्या रँचवर जाऊन खात्री करत नाही. शेरीफ तिथेच गेला आहे हे माहीत असून त्याची वाट बघत नाहीत. खुनाच्या खटल्यात पहिला प्रश्न 'कुणी मारलं' हा नसतो, 'कुणी मेलं आहे का' हा असतो. ती पायरी ओलांडून पुढे गेल्यावर टेटलीची उलटतपासणी कितीही धारदार असो, पाया पोकळ.

आपल्याकडे याच्याशी जुळणारं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३१: पोलिसाने वाजवी मदत मागितली तर नागरिकाने ती द्यायची. नागरिकाने स्वतः अटक केली तर जुनं ४३, नवं ४०. नव्यात सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं बंधन घातलं आहे. ऑक्स-बोमधल्या मंडळींच्या हातात मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत तीन माणसं होती. दोर बांधण्याऐवजी घोड्यांवर बसवून गावाची वाट धरली असती, तरी विषय संपत होता.

माळावरची

अण्णा, पुराव्याबद्दल थोडी भर घालते, कारण गुरांचा व्यवहार कळल्याशिवाय मार्टिन इतका अडकतो का ते नीट समजत नाही.

कुंपण नसलेल्या कुरणात मालकी ठरते ती डागाने. प्रत्येक रँचचा डाग नोंदलेला असतो, वासरांना हंगामात गोळा करून तापल्या लोखंडाने डागतात. जनावर विकलं की दोन गोष्टी लागतात. एक, विक्रीचा कागद: कुणी, कुणाला, किती, कुठल्या डागाची. आपल्या बाजार समितीच्या पावतीसारखाच. दुसरी, जुना डाग रद्द केल्याची खूण. विकणारा आपल्या डागाच्या जोडीला आणखी एक ठरलेला डाग देतो, म्हणजे हे जनावर मी सोडलं. त्यानंतर घेणारा स्वतःचा उमटवतो.

मार्टिनकडे यातलं काहीच नाही. गुरांवर किनकेडचा डाग तसाच, कागद नाही, आणि गुरं रात्रीतून हलवतोय. त्याचं म्हणणं: किनकेड म्हणाला, कागद नंतर पाठवतो. हे अशक्य मुळीच नाही. ओळखीत तोंडी सौदे होत असत. पण ज्या हंगामात चोऱ्या चालू आहेत त्याच हंगामात कागदाशिवाय गुरं हाकणं हा मूर्खपणा, आणि पटकथेने तो मूर्खपणा मुद्दाम ठेवला आहे. मार्टिन भागात नवा, ओळखणारं कुणी नाही. त्यात मेक्सिकनाकडे किनकेडचं पिस्तूल सापडतं. तो म्हणतो रस्त्यात पडलेलं मिळालं.

तीन गोष्टी मिळून संशय पक्का होतो. माझ्या मते ट्रॉटीचं हेच कसब. पुरावा फालतू असता तर जमाव गाढव ठरला असता आणि आपण निर्धास्त बसलो असतो. इथे पुरावा बऱ्यापैकी आहे. कोर्टात तो अटकेला पुरला असता, शिक्षेला नाही. या दोन शब्दांतलं अंतर टेटली खाऊन टाकतो.

नवखी

माळावरची ताई, असं खरंच व्हायचं का? की कादंबरीकाराची कल्पना?

माळावरची

@नवखी, व्हायचं. सगळ्यात जवळचं उदाहरण वायोमिंगचं आहे, नेवाड्याचं नाही. २० जुलै १८८९, स्वीटवॉटर नदीच्या खोऱ्यात एला वॉटसन आणि जिम अव्हरेल या दोघांना सहा बड्या गुरेवाल्यांनी गुरं चोरल्याचा आरोप ठेवून झाडाला लटकवलं. वॉटसनच्या नावावर गुरांचा डाग नोंदलेला होता. खरं भांडण जमिनीचं आणि पाण्याचं. मारणारे कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) साक्षीला कुणी उरलं नाही, आरोपपत्रच झालं नाही. वर त्या काळच्या वर्तमानपत्रांनी बाईलाच 'कॅटल केट' म्हणून बदनाम केलं.

त्याआधीचं, मोंटाना भागातलं: बॅनक गावचा शेरीफ हेन्री प्लमर याला १० जानेवारी १८६४ रोजी गावच्याच 'दक्षता समिती'ने फाशी दिली. म्हणजे शेरीफ नसताना जमाव, आणि शेरीफ असताना शेरीफच फासावर. दोन्ही तऱ्हा.

खिडकीपाशी

नटांच्या निवडीवर कुणी बोललंच नाही. वेलमनने प्रेक्षकाच्या आठवणीचा वापर करून घेतला आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

जेन डार्वेल. १९४० च्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'मध्ये तिने फोंडाच्या आईचं काम केलं आणि ऑस्कर मिळवलं. अमेरिकेची आईच जणू. तीच बाई इथे मा ग्रिअर होऊन घोड्यावर बसते, खदाखदा हसते आणि फाशीला हातभार लावते. १९४३ च्या प्रेक्षकाला तो चेहरा बघून काय वाटलं असेल याचा अंदाज आज आपल्याला येत नाही. दोन्ही चित्रपट पाठोपाठ बघितले की येतो.

फोंडा स्वतः. १९३९ च्या 'यंग मिस्टर लिंकन'मध्ये तो तुरुंगाच्या दारात उभा राहून जमावाला परत पाठवतो. त्याचीही पटकथा लामार ट्रॉटीचीच! चार वर्षांनी त्याच लेखकाने त्याच नटाला जमावात उभं केलं आणि हातून काही होऊ दिलं नाही. गिल कार्टर हा नायक नाही. तो डेव्हिसच्या बाजूला जातो पण उशिरा, आणि सुरुवातीला टोळीबरोबर जातो तो स्वतःवर संशय येऊ नये म्हणून. पुढे १९५७ मध्ये '१२ अँग्री मेन'मध्ये फोंडा एकटा अकरांना वळवतो. आपल्याकडे बासू चटर्जींनी 'एक रुका हुआ फैसला' केला तो त्यावरूनच. हे तीन चित्रपट वर्षांच्या क्रमाने लावून पाहा.

आणि हे अभिनयापुरतं नव्हतं. सप्टेंबर १९१९ मध्ये ओमाहा शहरात जमावाने कोर्टाची इमारत पेटवून विल ब्राउन या कृष्णवर्णीय माणसाला मारलं, तेव्हा चौदा वर्षांचा फोंडा वडिलांच्या छापखान्याच्या खिडकीतून ते पाहत होता.

हटवादी

कृष्णवर्णीयांचा विषय निघालाच आहे तर ली व्हिपरचं स्पार्क्स हे पात्र विसरू नका. टोळीतला एकमेव काळा माणूस, प्रार्थना म्हणायला म्हणून बरोबर आलेला. तो गिलला सांगतो की लहानपणी त्याने स्वतःच्या भावाला जमावाकडून मारलं जाताना पाहिलं. भाऊ दोषी होता की नव्हता, तेही त्याला कळलं नाही. दोन-चार वाक्यं, आवाज न चढवता. वेस्टर्नच्या कपड्यांत हा १९४० च्या दशकातल्या अमेरिकेवरचा चित्रपट आहे, हे त्या दोन-चार वाक्यांत उघड होतं. इथे मी हट्ट सोडतो.

पण घोडागाडीच्या प्रसंगावर सोडणार नाही. मध्यरात्री डोंगरवाटेवर घोडागाडी येते, तिच्यात गिलची जुनी मैत्रीण रोझ नव्या नवऱ्यासह, गैरसमजातून गोळीबार, आर्टच्या खांद्याला जखम. पंचाहत्तर मिनिटांच्या चित्रपटात ही भरताड कशाला? कथेला तिची गरज शून्य.

खिडकीपाशी

@हटवादी, मैत्रिणीचा भाग काढला असता तर मीही रडले नसते. नायकाला प्रेमकथा हवी म्हणून तो चिकटवला आहे आणि चिकटपट्टी दिसते. पण गोळीबार कामाचा आहे. अंधारात गाडीवरचा पहारेकरी आरडाओरडा ऐकतो, दरोडेखोर समजतो आणि झाडतो. त्याच्या जागी तो चुकलेला नाही. तासाभराने ही टोळी तेच करणार आहे, फक्त सावकाश. आर्ट जखमी होऊनही टोळी मागे फिरत नाही, हेही तिथेच कळतं.

दिवाबत्ती

रिळवाल्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, स्टुडिओ.

आर्थर मिलर साधा माणूस नव्हे. 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली' (१९४१), 'द साँग ऑफ बर्नाडेट' (१९४३) आणि 'अ‍ॅना अँड द किंग ऑफ सायाम' (१९४६), अशी तीन ऑस्कर त्याच्या नावावर. खोरं स्टुडिओत बांधण्याचे फायदे सरळ आहेत: रात्र हवी तितके तास टिकते, संवाद जागेवर स्वच्छ ध्वनिमुद्रित होतात, पहाट दिव्यांनी करता येते. उघड्यावर पहाटेचा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं एकसारखा राहतो. तेवढ्यात वीस-पंचवीस माणसांचा आणि घोड्यांचा प्रसंग होणं नाही.

तोटेही तिथेच दिसतात. फांदी आहे पण पान हलत नाही. माणसं थंडीने आखडलेली, पण तोंडातून वाफ नाही. आवाजाला छताखालचा घुमारा. कलाकार पडद्याजवळ गेला की त्याची सावली 'आकाशावर' पडते, म्हणून सगळ्यांना पडद्यापासून लांब, मध्यभागी दाटीवाटीने उभं करावं लागतं. गंमत अशी की हीच दाटी चित्रपटाला लाभली. टोळीतल्या माणसाला दूर जाऊन उभं राहायला जागाच नाही. म्हणून डेव्हिसच्या बाजूचे सात जण चार पावलं सरकून वेगळे उभे राहतात, तेव्हा ती चार पावलं मैलभर वाटतात. खऱ्या माळावर तो परिणाम साधला नसता.

फाशीचा क्षण: लटकणारे देह समोरून दाखवलेले नाहीत, जमिनीवरच्या सावल्या दिसतात आणि स्पार्क्सचं गाणं ऐकू येतं. सेन्सॉर संहितेतूनही सुटका आणि खर्चही नाही. लघुपट करणाऱ्यांनी हे उचलायला हरकत नाही, पण नेहमी होणाऱ्या चुका सांगतो.

एकच दिवा, तोही उघडा. समोर पांढरं कापड किंवा छत्री लावली की सावलीची कड विरघळते. दुसरा दिवा 'थोडा उजेड हवा' म्हणून लावला की दोन फिकट सावल्या पडतात आणि खेळ खलास. दिवा जितका लांब तितकी कड धारदार. लांबीचं गणित असं: दिवा बराच लांब आणि जमिनीपासून ४५ अंशांवर असेल तर ६ फुटांच्या आकृतीची सावली ६ फूट. ३० अंशांवर आणला की साधारण साडेदहा फूट. १५ अंशांवर २२ फुटांच्या वर जाते आणि चौकटीत मावत नाही. पहाटेसाठी २५ ते ३० अंश बरे. दिवा जवळ असेल तर सावली पसरट होते, पाय बारीक आणि डोकं भोपळ्याएवढं.

आणि माणूस लटकवायचा नाही. कधीच नाही, पट्टे बांधूनही नाही. भुसा भरलेला कपड्यांचा बाहुला, खांद्यातून फांदीला टांगलेला. सावलीत फरक कळत नाही. जिवंत नटाच्या गळ्यात दोर दिसायला हवाच असेल तर तो मागे तोडून साध्या दोऱ्याने टाचलेला असावा, म्हणजे हिसका बसताच सुटेल, आणि त्याचं वरचं टोक कुठेही बांधलेलं नसावं. घोडा असेल तर तेही नको. घोड्याचा भरवसा नसतो.

नवखी

शेवटी गिल गुत्त्यात मार्टिनचं पत्र वाचतो, त्या प्रसंगात फोंडाचे डोळे दिसतच नाहीत. चूक आहे की मुद्दाम?

दिवाबत्ती

मुद्दाम. गुत्त्यात गिल आणि आर्ट शेजारी उभे, कॅमेरा बाजूने. आर्टच्या टोपीची कड बरोबर गिलच्या डोळ्यांवर येते. दिसतं ते वाचणारं तोंड, आणि अलीकडे आर्टचा ऐकणारा चेहरा. हे जुळवायला लागतो टेप आणि खडू. दोघांच्या पायांच्या खुणा जमिनीवर, कोपर बारवर टेकवलेलं म्हणजे उंची बदलत नाही, आणि कॅमेऱ्याची उंची टोपीच्या कडेएवढी. नट इंचभर झुकला की डोळा बाहेर डोकावतो आणि मग ती चूक वाटते. फोकस लांबच्या माणसाच्या ओठांवर. जवळची टोपी किंचित मऊ झाली तर बिघडत नाही, ओठ मऊ झाले तर बिघडतं.

हटवादी

चौकट छानच, पण पत्र? कादंबरीत पत्राचा मजकूर वाचकाला मिळत नाही. डेव्हिस वाचतो, हेलावतो, आणि आपण त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. ट्रॉटीने अख्खं पत्र लिहून फोंडाच्या तोंडी दिलं: कायदा म्हणजे काय, सदसद्विवेक म्हणजे काय. उद्या मरणारा गुराखी बायकोला निरोप लिहितो की शाळेत निबंध?

खिडकीपाशी

निबंध आहे, कबूल. पण पत्राचा खरा प्रसंग आदल्या रात्री होऊन गेलेला असतो. डेव्हिस ते वाचून इतरांना दाखवू पाहतो, आणि मार्टिन त्याच्यावरच चिडतो. पत्र खासगी आहे, दाखवायचा अधिकार तुला कुणी दिला? जीव वाचवू शकणारा एकमेव कागद, आणि मालकाला तो पुरावा म्हणून वापरायचा नाही. तिथे मार्टिन माझ्या लेखी खरा माणूस होतो. गुत्त्यातलं वाचन त्यानंतरची भरपाई.

वकील_अण्णा

कादंबरी आणि चित्रपट यांतला याहून मोठा फरक शेरीफचा आहे. कादंबरीत टोळी शेरीफला हिमवर्षावात भेटते, आणि तो 'मी कुणाला ओळखलंच नाही' असा पवित्रा घेऊन त्यांना जवळजवळ मोकळं सोडतो. चित्रपटातला शेरीफ मेप्सचा बिल्ला काढून घेतो, कोण सामील होतं ते विचारतो, उत्तर येतं 'सात सोडून सगळे', आणि तो बजावतो की माझ्याकडून दयेची अपेक्षा ठेवू नका. त्या काळच्या सेन्सॉर संहितेत प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याकडे झुकू द्यायची नव्हती, त्यामुळे हा बदल अपेक्षितच. तरी मला कादंबरीतला शेरीफ जास्त भीतिदायक वाटतो. कायदा परत येतो आणि डोळे मिटून घेतो! वॉटसन प्रकरणात झालं तेच.

टेटलीचंही तसंच. कादंबरीत मुलगा जेराल्ड गळफास घेतो आणि मग बाप तलवारीवर पडतो. चित्रपटात मुलगा बंद दाराबाहेरून बापाला सुनावतो आणि आतून गोळीचा आवाज येतो. दार बंद, म्हणजे खर्च एका आवाजाचा. पण मुलगा जिवंत ठेवल्यामुळे शिक्षा एकट्या टेटलीच्या माथी गेली आणि बाकीचे गुत्त्यात सुटले. ते पाचशे डॉलर गोळा करतात, विधवेसाठी. माझ्या दृष्टीने ही वर्गणी पत्रापेक्षा बोलकी आहे.

माळावरची

अण्णा, टेटलीचा गणवेशही बघा. अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैन्याचा, युद्ध संपून वीस वर्षं झाल्यावर, नेवाड्यात. नेवाडा १८६४ मध्ये राज्य झालं ते उत्तरेच्या बाजूने. तो खरंच लढला होता का यावर गावात कुजबूज आहेच. तरी पुढारीपण त्याच्याकडे जातं, कारण तो मोठ्या आवाजात प्रश्न विचारत नाही. फार्न्लीसारखे तापट लोक ओरडतात, टेटली शांतपणे 'बहुमत काय म्हणतं' विचारतो. 'आपण मतदान घेऊ' म्हणणारा सभ्य माणूस नसता तर ही टोळी मध्यरात्रीच फुटली असती, असं मला वाटतं. दारू उतरत होती, थंडी होती.

रिळवाला

उत्तम चाललंय. रसिक मंडळात दाखवणाऱ्यांसाठी तांत्रिक भाग मी लिहितो, कारण दोघांनी व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलं आहे.

चौकट १.३७:१, म्हणजे जवळजवळ चौकोनी. १६:९ पडद्यावर रुंदीचा साधारण ७७ टक्के भाग चित्राला मिळतो, दोन्ही कडांना काळे पट्टे राहतात. ते राहू द्या. 'पडदा भरा' हा पर्याय दाबला की एक तर माणसं जाड होतात, नाहीतर वर-खाली कापलं जातं आणि वरच्या फांदीसकट दोर चौकटीबाहेर जातात. मग प्रसंगच कळत नाही. टीव्हीवरचं 'हालचाल गुळगुळीत करा' हेही बंद करा. रात्रीच्या प्रसंगात कडा थरथरतात.

खोलीत पूर्ण अंधार हवा. चित्रपटाचा बराच भाग रात्रीचा आहे. खिडकीतून उजेड आला की काळा रंग राखाडी होतो आणि मागच्या ओळीतले चेहरे, म्हणजे जमावच, नाहीसा होतो. पडद्याची चमक वाढवून हे सुटत नाही. रंगवलेलं आकाश तेवढं उघडं पडतं.

फिल्म मिळणार असेल तर हिशोब: ३५ मिमी मिनिटाला ९० फूट, म्हणजे ७५ मिनिटांना ६,७५० फूट, हजार फुटांची सात रिळं. १६ मिमी मिनिटाला ३६ फूट, म्हणजे २,७०० फूट. १,६०० फुटांचं एक रीळ सुमारे ४४ मिनिटं चालतं, म्हणजे दोन रिळं आणि मध्ये एकदा बदल. प्रोजेक्टर एकच असेल तर हा बदल ऐन झाडाखालच्या प्रसंगात येतो. त्यापेक्षा पहिलं रीळ टोळी खोऱ्यात शिरते तिथेच संपवून घ्या, जोडणी आधी तपासा.

उपशीर्षकं पूर्ण तपासा. मेक्सिकनाचे स्पॅनिश बोल काही प्रतींमध्ये गाळलेले असतात, काहींमध्ये भाषांतरित. गाळलेलेच बरे. तो सुरुवातीला इंग्रजी येत नसल्याचं सोंग करतो आणि नंतर उत्तम इंग्रजीत सुनावतो. आधीच अर्थ कळला तर ते सोंग फुकट जातं.

नवखी

आवाजाचं काय? मागच्या वेळी 'जुना चित्रपट' म्हणून मंडळात आवाज खूप वाढवला होता, सगळं खरखरत होतं.

रिळवाला

@नवखी, पातळी गुत्त्यातल्या पहिल्या संवादावर ठरवा आणि मग हात लावू नका. पार्श्वसंगीत (सिरिल मॉक्रिज) फार कमी आहे, 'रेड रिव्हर व्हॅली'ची धून तेवढी लक्षात राहते. त्यामुळे शांत जागा आली की चालवणाऱ्याला वाटतं आवाज गेला, आणि तो बटण फिरवतो. त्यानंतर टेटलीच्या दारामागची गोळी सुटते आणि पहिली रांग उडते.